बोटीतून उतरलेल्या पोराला आधी एक माणूस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भूमध्य समुद्रातल्या बोटींच्या बातम्या आपल्या पेपरात येतात त्या बहुतेक वेळा चार-पाच ओळींच्या असतात. बोट उलटली, एवढे वाचले, एवढे बेपत्ता, त्यात एवढी लहान मुलं, संपलं. वाचलेल्या मुलांचं पुढे काय होतं हे कुठेच छापून येत नाही आणि मला नेमकं त्याच्याबद्दल लिहायचंय. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा, पण गार्डियनचा, म्हणजे एकट्या मुलाला कायद्याने दिलेल्या पालकाचा, भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी कोल्हापुरात राहते, हायस्कूलला शिकवत होते, आता रिटायर झालेय. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीत सिसिलीला असते, बरीच वर्षं झाली, तिथली भाषा तिला चांगली येते, आणि ती अशाच बोटीतून आलेल्या एका मुलाची कायदेशीर गार्डियन आहे. तिच्याकडून ऐकत ऐकत मी यात शिरले, मग मिळेल ते वाचायला लागले आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लँपेदुझा नावाचं एक बेट आहे, इटलीचं, पण नकाशात बघाल तर सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. वीसेक चौरस किलोमीटर जागा आणि साधारण सहा हजार वस्ती, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. लिबिया आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरून निघालेल्या बोटी इथे पोचतात, म्हणजे ज्या पोचतात त्या. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांत तिथे गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं उतरली होती. २०१६ साली समुद्रातून इटलीत १ लाख ८१ हजार लोक आले, त्यातली जवळपास २६ हजार मुलं एकटी होती, सोबत आई नाही बाप नाही, काका-मामाही नाही. २०२३ ला दीड लाखाच्या वर लोक आले, त्यातही अशी एकटी मुलं १८ हजारांवर. बहुतेक सोळा-सतरा वर्षांचे मुलगे, इजिप्त, ट्युनिशिया, गिनी, गांबिया, आयव्हरी कोस्ट इथले, आणि आपल्या शेजारच्या बांगलादेशचे पण. हे आपल्याकडे फार लोकांना माहीतच नाही, २०२४ मध्ये समुद्रमार्गे इटलीत आलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त लोक बांगलादेशचे होते. घरून विमानाने आखाती देशात किंवा इजिप्तला, तिथून लिबिया आणि मग बोट.

बोटीत काय होतं ते जरा सविस्तर लिहिते कारण "रेस्क्यू केलं" एवढ्या दोन शब्दांत ते कळत नाही. रबरी बोटीत पुरुष कडेला पाय बाहेर सोडून बसतात आणि बायका-मुलांना मधे बसवतात, मधे सेफ म्हणून. पण इंजिनाचं पेट्रोल कॅनमधून सांडतं ते मधेच साचतं, त्यात समुद्राचं खारं पाणी मिसळतं, आणि त्या मिश्रणात तासन् तास बसल्यावर कातडी भाजून निघते, अगदी उकळतं पाणी पडल्यासारखी. म्हणजे ज्यांना जपायला मधे बसवलं त्यांनाच जास्त जखमा. ट्युनिशियात स्फॅक्सच्या बाजूला तर अलीकडे पत्र्याच्या बोटी वेल्डिंग करून बनवतात, स्वस्तात आणि घाईत, त्या पाणी भरलं की दगडासारख्या खाली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथून निघालेली अशीच एक बोट वादळात बुडाली आणि लँपेदुझाजवळ रात्री एका मदत करणाऱ्या शिडाच्या बोटीवरच्या लोकांना पाण्यातून हाक ऐकू आली, बघतात तर अकरा वर्षांची मुलगी, सिएरा लिओनची, लाइफ जॅकेट आणि टायरच्या दोन ट्यूबांच्या आधाराने तरंगत होती. बोटीत पंचेचाळीस जण होते, ही एकटी सापडली. ही बातमी दोन दिवस जगभर फिरली. आता ती मुलगी तेरा वर्षांच्या आसपास असेल, शाळेत जात असेल, निदान जात असावी.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट दुसरीच आहे. १८ एप्रिल २०१५ ला लिबियाच्या उत्तरेला एक मच्छीमार बोट बुडाली, सातशेच्या वर माणसं गेली, काही जण हजारही सांगतात. इटलीने पुढच्या वर्षी ती बोट तळातून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यक डॉक्टर क्रिस्टिना कॅटॅनिओ यांच्या टीमने एकेका मृतदेहाची ओळख पटवायचं काम हातात घेतलं. त्यात मालीचा एक मुलगा होता, साधारण चौदा वर्षांचा. त्याच्या जॅकेटच्या अस्तरात काहीतरी शिवलेलं हाताला लागलं, उसवून बघितलं तर शाळेचं प्रगतीपुस्तक, विषय आणि मार्क लिहिलेलं. त्या पोराने सगळं वाळवंट आणि समुद्र पार करताना जपून आणलं काय तर आपले मार्क. मी आयुष्यभर प्रगतीपुस्तकं भरलीत, सह्या केल्यात, आणि त्या मुलाच्या मनात काय असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको. तिकडे गेल्यावर मास्तर विचारतील कितवीत होतास, तेव्हा दाखवायला काहीतरी पाहिजे. एवढंच.

आता गार्डियनचं. बंदरावर उतरल्यावर ब्लँकेट मिळतं, पाणी-बिस्किट मिळतं, डॉक्टर बघतात, पोलीस बोटांचे ठसे घेतात, मग बसमधून कुठल्या तरी केंद्रात. हे सगळं लागतंच आणि करणारी माणसं मनापासून करतात, लँपेदुझाचे डॉक्टर पिएत्रो बार्तोलो यांनी वर्षानुवर्षं धक्क्यावर उभं राहून असे हजारो लोक तपासले, पुढे ते युरोपियन संसदेत निवडून गेले. पण त्या पोराच्या बाजूने विचार करा. तो दिवसभरात वीस मोठी माणसं बघतो, प्रत्येकाच्या हातात फॉर्म, प्रत्येक जण एकदाच भेटतो, दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलते. त्याला हे माहीत नसतं की यातला पोलीस कोण, डॉक्टर कोण, आणि घरी परत पाठवणारा कोण. लिबियात वर्दी घातलेल्या माणसांनीच त्याला कोंडून मारलेलं असतं, मग तो इथल्या वर्दीला खरं का सांगेल?

इटलीने २०१७ ला यावर एक कायदा केला, खासदार सांद्रा झांपा यांच्या नावाने ओळखतात, ४७ नंबरचा. एकट्या आलेल्या मुलाला सीमेवरून परत पाठवायचं नाही, इतर मुलांसारखं शाळा आणि दवाखाना त्याला द्यायचा, वय नक्की होत नसेल तर त्याला लहानच धरायचं, आणि प्रत्येक मुलाला एक गार्डियन द्यायचा. हा गार्डियन सरकारी नोकर नसतो, साधा नागरिक असतो, पंचवीस वर्षांच्या पुढचा. ट्रेनिंग देतात आणि मुलांचं कोर्ट त्याची नेमणूक करतं. पगार नाही. मुलाला घरी ठेवायचं नसतं, खर्चही करायचा नसतो, मूल केंद्रातच राहतं, पण कायद्याने त्याच्या वतीने सही करणारा आणि त्याच्यासाठी भांडणारा माणूस तोच. एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन मुलं, का तर आधी असं व्हायचं की एखाद्या मेयरच्या किंवा वकिलाच्या नावावर ढीगभर मुलं आणि त्याला एकाचंही तोंड माहीत नाही. सिसिलीतल्या सिराक्युजच्या भागात तर कायदा यायच्या आधीपासून साधी माणसं, शिक्षक, नर्स, पेन्शनर, हे काम आपणहून करत होती, त्यांचं बघूनच पुढे कायद्याला आकार आला असं माझी भाची म्हणते.

तिला जो मुलगा मिळाला तो गिनीचा. पहिल्या भेटीत तो काहीच बोलला नाही, ती केंद्रातून निघताना फक्त एवढं विचारलं की तू परत येणार आहेस का. ती म्हणाली गुरुवारी येते, आणि गुरुवारी गेली. मग पुढच्या गुरुवारी. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने सांगितलं की दाढ दुखतेय. किती दिवस? लिबियापासून. म्हणजे इतके महिने तो ते दुखणं घेऊन बसला होता आणि बंदरावरच्या तपासणीतही बोलला नाही, कारण त्याला वाटलं आजारी आहे म्हटलं तर परत पाठवतील. दाढ काढली, मग शाळेचा फॉर्म, मग राहण्याच्या परमिटचा अर्ज, पोलीस ऑफिसात पहाटे लाइन, प्रत्येक ठिकाणी ही बरोबर. एकदा त्याने व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, त्या माउलीला फ्रेंचही धड येत नाही, हिला तिची भाषा येत नाही, दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हात जोडत होत्या आणि पोरगा मधे दोन्हीकडे सांगत होता. भाची म्हणते त्या दिवसानंतर तो मला खरं सांगायला लागला.

आणि खरं काय तर कर्ज. ही गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे कारण मुलं केंद्रातून पळून का जातात याचं उत्तर यातच आहे. युरोपात २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत ५० हजारांहून जास्त एकटी आलेली मुलं सरकारी नोंदीतून गायब झाली, हे पत्रकारांनी मिळून काढलेलं आहे. पन्नास हजार! आपल्याला वाटतं की खायला-प्यायला मिळतंय, शाळा आहे, मग पळतात कशाला. तर घरी जमीन गहाण पडलेली असते, आईचे दागिने गेलेले असतात, दलालाचे पैसे अर्धे द्यायचे राहिलेले असतात आणि तो दलाल गावात रोज दारात येऊन बसतो. पोराला वाटतं मी इथे अ आ इ ई गिरवत बसलोय आणि तिकडे बापाला शिव्या खाव्या लागतायत. मग कुणीतरी सांगतं की अमुक शहरात हॉटेलात भांडी घासायचं काम आहे किंवा शेतात टोमॅटो तोडायचं, कागद लागत नाहीत, आणि तो रात्रीतून निघून जातो. काही जण फ्रान्स-जर्मनीत असलेल्या भावाकडे जायला निघतात, कायदेशीर रस्ता असतो पण त्याला वेळ लागतो आणि तो त्यांना कुणी समजावून सांगितलेला नसतो. मुलींचं तर बोलायलाच नको, काहींना आणणारी टोळीच बाहेर वाट बघत असते, कर्ज फेडायला त्यांना कुठे नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी ज्याला फोन करावासा वाटेल असं एक माणूस असेल तर ते मूल थांबण्याची शक्यता असते. नुसती कॉट आणि जेवणाचं कूपन असलं की ते मूल उद्या तिथे असेल याची काहीच खात्री नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

वयाचा घोळ वेगळाच. कागद नसतात, असले तरी समुद्रात गेलेले असतात, कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी लिहिलेली असते. मग मनगटाचा एक्सरे काढून हाडावरून वय ठरवतात. ज्या तक्त्याशी तो एक्सरे जुळवून बघतात तो बहुतेक वेळा अमेरिकेत १९३० च्या दशकात गोऱ्या, सुखवस्तू घरच्या मुलांवरून बनवलेला आहे, आणि त्यात दोन-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. आता सतरा वर्षांच्या मुलाला एकोणीसचा ठरवला की तो मोठ्यांच्या कॅम्पात, ना शाळा ना गार्डियन. लोक फोटो बघून म्हणतात की ही मुलं कुठली, चांगले दाढी-मिशीवाले बाप्ये आहेत. मी दहावीच्या वर्गावर वर्षानुवर्षं उभी राहिलेय, एकाच बाकावर एकाला मिसरूड फुटलेलं असायचं आणि शेजारचा पाचवीतला वाटायचा, दोघं एकाच वयाचे. म्हणून कायद्यातलं ते वाक्य, शंका असेल तर लहान धरा, मला फार शहाणपणाचं वाटतं. दुर्दैवाने २०२३ च्या शेवटी तिथल्या सरकारने नियम सैल केले, जागा नसेल तर सोळा वर्षांवरच्या मुलांना काही महिने मोठ्यांच्या केंद्रात ठेवायची मुभा दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मदत करणाऱ्या जहाजांनाही असा नियम लावला की लोकांना उचललं की सांगितलेल्या बंदरात लगेच जायचं, आणि बंदर सांगतात ते कित्येकदा पार उत्तरेला, जेनोवा नाहीतर राव्हेन्ना. म्हणजे भाजलेली, उलट्या करणारी मुलं आणखी तीन-चार दिवस समुद्रात. हे चुकीचं आहे, ते मी इथे बसून का म्हणू नये?

गार्डियनसुद्धा कमी पडतात. कोर्टाकडून नेमणूक यायला कधी कधी एवढे महिने जातात की तोवर मूल अठराचं होतं. अठरावा वाढदिवस या मुलांना नको असतो, कारण त्या दिवशी बाल-केंद्रातली जागा जाते आणि परमिट बदलून घ्यावं लागतं. कायद्यात सोय आहे की शिक्षण चालू असेल तर कोर्ट एकवीसपर्यंत आधार वाढवू शकतं, पण तो अर्ज वेळेत करायला कुणीतरी पाहिजे ना. अर्ज कोण करणार, ज्याला कॅलेंडरकडे बघायची काळजी आहे तोच.

आता आपल्याकडची लोकं काय म्हणतात ते मला माहीत आहे, माझ्या घरातच म्हणतात. आपलीच पोरं उपाशी आहेत, तुला त्या आफ्रिकेच्या पोरांचं काय पडलंय. आणि दुसरं, आईबाप असे कसे की पोराला बोटीत बसवतात. दुसऱ्याचं आधी सांगते. पुष्कळांच्या आईबापांना माहीतच नसतं, पोरगं फोन करतं तेव्हा ते लिबियात असतं. आणि जिथे आईबाप स्वतः घेऊन निघतात तिथलं बघायचं असेल तर २६ फेब्रुवारी २०२३ ची कुत्रो गावाजवळची दुर्घटना बघा. तुर्कस्तानातून निघालेली लाकडी बोट इटलीच्या कालाब्रियात किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन फुटली, किमान ९४ माणसं गेली, त्यात पस्तीसच्या आसपास लहान मुलं, बरीच अफगाण कुटुंबं. जवळच्या क्रोतोने शहरात स्टेडियमच्या हॉलमध्ये शवपेट्यांची रांग लावली होती, त्यात छोट्या पांढऱ्या पेट्या. तालिबान आल्यावर मुलींची सहावीच्या पुढची शाळा बंद झाली, अशा देशातून लेकीला घेऊन निघालेल्या बापाला मी काय नावं ठेवू? २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानात बोद्रुमच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला दोन वर्षांचा आलान कुर्दी आपण सगळ्यांनी बघितला होता, तेव्हा सगळं जग रडलं होतं, आणि त्यानंतरही भूमध्य समुद्रात माणसं बुडायची थांबली नाहीत, २०१४ पासून मेलेले आणि बेपत्ता धरले तर आकडा ३० हजारांच्या वर गेलाय.

आणि आपलीच पोरं उपाशी म्हणतात त्यांना मला कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याची आठवण करून द्यायची आहे.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी. १९४० मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकली. १९४१ ला करार होऊन ती सुटली आणि १९४२ मध्ये क्रास्नोव्होद्स्कहून खचाखच भरलेल्या जहाजांतून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली, अंगावर उवा, टायफस, नुसती हाडं राहिलेली, त्यात हजारो मुलं आणि कितीतरी अनाथ. तिथून पुन्हा जहाजाने कराचीला आणि मग आगगाडीने त्यातले काही आपल्याकडे. १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या कॅम्पात साधारण पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. लक्षात घ्या, १९४३ म्हणजे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष, आपल्याकडे धान्याला रेशन होतं. खर्चाचा मोठा भाग लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार आणि ब्रिटिश उचलत होते हे खरंय, ते लपवायचं कारण नाही, पण जागा आणि शेजार कोल्हापूर संस्थानचा होता. आणि तिथे काय होतं ते बघा. बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत शाळा, त्यांचेच शिक्षक, दवाखाना, चर्च, स्काउट. अनाथ मुलांना सांभाळायला वेगळी व्यवस्था आणि नेमलेली माणसं. मुलाला रोज हाका मारणारं कुणीतरी होतं. तीच मुलं पुढे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली आणि म्हातारपणी नातवंडांना घेऊन कोल्हापूर बघायला आली, महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे.

जामनगरला तर याच्याही पुढची गोष्ट घडली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी कॅम्प बांधला होता, त्यातली बरीच अनाथ. युद्ध संपल्यावर पोलंडमधलं नवं कम्युनिस्ट सरकार मुलं परत मागायला लागलं, तेव्हा जामसाहेब, तिथले ब्रिटिश अधिकारी आणि कॅम्पाचे पाद्री अशा तिघांनी मिळून त्या मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं म्हणजे कुणाला जबरदस्तीने नेता येऊ नये. १९४६ ला ती मुलं वळिवड्याला आणली. बघा म्हणजे, इटलीने २०१७ ला जे कायद्यात लिहिलं, की मुलाच्या वतीने उभा राहणारा एक माणूस कागदावर पाहिजे, ते आपल्याकडे तेव्हाच करून दाखवलेलं होतं. वॉर्सात त्या महाराजांच्या नावाने चौक आहे, आणि ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान तिथे गेले तेव्हा महाराजांच्या स्मारकाबरोबर वॉर्सातल्याच कोल्हापूर स्मारकालाही त्यांनी फुलं वाहिली, आपण सगळ्यांनी टीव्हीवर कौतुकाने बघितलं.

आणि वळिवड्याच्या त्याच बराकी नंतर कुणाला मिळाल्या? फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना. आज आपण कापड घ्यायला गांधीनगरला जातो ते तेच. त्यांच्यातलेही किती तरी जण कराचीहून जहाजाने मुंबईच्या धक्क्यावर उतरले होते, लेकरंबाळं घेऊन, मग कुणी कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात म्हणजे आताच्या उल्हासनगरला, कुणी इकडे. म्हणजे समुद्रातून आलेली पोरं आपल्याला नवीन नाहीत, एकाच जागेवर दोनदा आपण ती वाढताना बघितलीत.

आजही येतात. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेत पेट्रोल-तांदूळ मिळेना झाला तेव्हा धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर एका नावाड्याने लहान मुलं असलेल्या तमिळ कुटुंबाला उतरवून दिलं आणि तो निघून गेला, आपल्या कोस्ट गार्डने त्यांना आणलं, मंडपमच्या कॅम्पात ठेवलं. तमिळनाडूत १९८३ पासून असे लोक येतायत आणि तिथल्या सरकारी शाळा त्यांच्या मुलांना घेतात, ही मोठी गोष्ट आहे. पण भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपला स्वतःचा निर्वासितांचा कायदाही नाही, त्यामुळे कॅम्पात जन्मलेलं मूल इंजिनिअर झालं तरी कागदावर कुठलंच नसतं. मुलांच्या हक्कांच्या जागतिक करारावर मात्र आपण १९९२ ला सही केलीय, त्यातलं २२ वं कलम निर्वासित मुलांबद्दलच आहे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सुद्धा एकटं सापडलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असं आहे, आणि सीएसटी किंवा कल्याण स्टेशनवर उतरलेल्या पोराचं पुढे काय होतं ते तिथेही यावरच ठरतं की त्याला दुसऱ्या दिवशी तोच माणूस भेटला की नवा.

मला काय पाहिजे ते सांगते. इटलीत आणि स्पेनमध्ये आता बरीच मराठी माणसं आहेत, शिकायला, नोकरीला, कायमची पण. इटलीत कायदेशीर राहणाऱ्या परदेशी नागरिकालाही, भाषा येत असेल तर, हे गार्डियनचं काम करता येतं, त्या-त्या प्रांताच्या बालहक्क अधिकाऱ्याच्या ऑफिसात अर्ज द्यायचा असतो. बांगलादेशी मुलांशी तर आपल्यातल्या पुष्कळांना मोडक्या हिंदीत बोलता येईल, क्रिकेट खेळता येईल, भाचीने एका केंद्रात बॅट नेऊन दिली तर पोरं तिला दिवसभर सोडेनात. आठवड्यातला एक दिवस लागतो आणि चिकाटी लागते, दुसरं फार काही नाही. तुमचा पेपर तिकडची मंडळी मोबाईलवर वाचतात, म्हणून हे तुमच्याच मार्फत सांगतेय. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान आपल्या मुलांच्या शाळेत, शेजारात असं एखादं मूल आलं तर त्याला घरी जेवायला बोलवावं.

आणि तुमच्याकडून एक पाहिजे. बोटीची बातमी छापली की सहा महिन्यांनी त्याच मुलांची दुसरी बातमी छापा, एजन्सीकडून मागवा, मिळते. दुसरं म्हणजे वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गांधीनगर या भागात कॅम्प लहानपणी डोळ्यांनी बघितलेली माणसं आता पंच्याऐंशी-नव्वदीला आलीत, त्यांच्याकडे एखादा वार्ताहर पाठवून त्या मुलांबरोबर कोण खेळलं, कुणी दूध घातलं, कुणाच्या घरी येणं-जाणं होतं हे लिहून घ्या. त्यातल्या दोन-तीन घरांशी माझी ओळख आहे, मी बरोबर यायला तयार आहे, फोन नंबर पाकिटावर लिहिलाय. पावसाच्या आत झालं तर बरं, त्यातल्या एक आजी पावसाळ्यात लेकाकडे पुण्याला जातात.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर